हिरवा सोडून कोणताही

जुन्या लष्करी ट्रकच्या दरवाजाच्या पत्र्यावर पहिल्यांदा खरवडणी फिरवली तेव्हा आधी पिवळा निघाला. पिवळ्याखाली राखाडी निळा, त्याच्याखाली रेडऑक्साइड, आणि मग नखाएवढ्या जागेत तो हिरवा. ऑलिव्ह ग्रीन. मी खरवडणी तिथंच टाकली, शेडच्या बाहेर आलो नि बायकोला फोन लावला, "सापडला!" तिला वाटलं, आठ दिवसांपासून हरवलेला गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा सापडला.

तो हिरवा बघायचा म्हणून तर मी हा उद्योग मांडला होता. गाडी उभी राहीपर्यंत पुढं चार वर्षं गेली, आणि शेवटी काय कळलं, की सगळं करता येईल, तेवढा रंग लावता येणार नाही.

मी औषधांचा ठोक व्यापारी. दुकान नागपूरच्या गांधीबागेत. हत्यार म्हणून आयुष्यभर हातात कटर धरलेला, तोही खोक्यांच्या पट्ट्या कापायला. पण लहानपण कामठी रोडवर गेलं. कामठी ही १८२१ सालापासूनची छावणी. शाळेतून येताना लष्करी गाड्यांचा ताफा लागला की आम्ही पोरं सायकली टेकवून मोजत बसायचो. बहुतेक गाड्या शक्तिमान. शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मान कंपनीचा ट्रक, १९५९पासून परवान्यावर जबलपुरात बनायला लागलेला. अधूनमधून जोंगा. ती निसानची जीप, पण नावात जबलपूर आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरिज असेंब्ली, यांची आद्याक्षरं. आणि या दोघांच्या मधलं एक भावंड असायचं, त्याच्याकडं फारसं कोणी बघायचं नाही. निसान वन टन. लांब बॉनेट, डोक्यावर कॅनव्हासचं छत, दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज वेपन कॅरिअरची छाप असलेला चेहरा. शक्तिमानच्या रांगेत तो बैलांमागं निघालेल्या गोऱ्ह्यासारखा दिसायचा. आवाज मात्र वेगळा. शक्तिमान डिझेल, खडखडत जायचा. हा पेट्रोलवरचा सहा सिलिंडरचा, गुरगुरत जायचा. माझ्या डोक्यात राहिला तो हा आवाज.

जोंगा शोधणारे पुष्कळ आहेत. २०१९च्या दिवाळीच्या सुमारास धोनीनं जोंगा घेतल्याचे फोटो सगळीकडे फिरले, आणि विदर्भातल्या प्रत्येक भंगारवाल्याला आपल्या अंगणात सोनं गंजत पडल्याचा साक्षात्कार झाला. निसानच्या मागं मात्र कोणी नव्हतं. मला तो साकोलीच्या बाजूला एका जुन्या आरा मशीनच्या मागं सापडला. रायमुनियाच्या झुडपांत अर्धा बुडालेला, हौद्यात कोंबड्या. मालकाच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावातून उचलून जंगलातल्या कूपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून, लाकूड ओढायला लावला होता. चारही चाकं ओढतात, पावसाळ्याच्या चिखलात दुसरी गाडी जाणार नाही तिथं हा जायचा. अडीच लाखांपासून बोलणी सुरू झाली आणि एक लाख साठ हजारांवर थांबली. कोंबड्या मालकानं ठेवून घेतल्या.

बॉनेट उघडलं आणि माझा चेहरा उतरला. आत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन नव्हतंच. चार सिलिंडरचं डिझेल बसवलेलं. मूळचं इंजिन लिटरला तीन, फार तर साडेतीन किलोमीटर द्यायचं. ज्याला एकेका खेपेचा हिशेब लावायचा तो ते कशाला पोसेल? लिलावातून बाहेर पडलेल्या जोंगा नि निसान यांच्यातल्या कितीतरी गाड्यांचं असंच हृदय बदललेलं असतं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) तेवढे मूळचे होते, मधे लोखंडी अडॅप्टर प्लेट घालून जोडलेले. मी तरीही घेतला. या छंदात डोकं ठिकाणावर असलेला माणूस पडत नाही, हे एव्हाना वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेलच.

कागदांचं आधी सांगून टाकतो, कारण जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो. लष्कराच्या गाड्या आरटीओकडं नोंदवलेल्या नसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली त्यांची नोंदणी संरक्षण खात्याची स्वतःची असते. बंपरवर उभा बाण आणि पुढं आकडे असतात ना, तो त्यांचा नंबर. बाण ही ब्रिटिश काळापासूनची सरकारी मालमत्तेची खूण, आणि बाणापुढचे पहिले दोन आकडे गाडी सैन्यात आल्याचं साल सांगतात. लिलावात गाडी घेतली की विक्रीचं पत्र घेऊन नव्या मालकानं ती साध्या नंबरवर आणायची. माझ्या ट्रकची ती नोंदणी ठेकेदारानं, म्हणजे मालकाच्या आजोबांनी, केली होती, मालवाहू म्हणून, आणि तिची मुदत कधीच संपली होती. वर इंधनाच्या रकान्यात 'डिझेल'.

मग २०२१च्या जुलैमध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची गाडी, 'व्हीए' मालिकेतला वेगळा नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. मी पेढे आणायचाच बाकी होतो. एका एजंटनं पैसेही मोजून मागितले. सुदैवानं मी आधी नियम वाचला: तो दुचाकींसाठी आणि खासगी वापराच्या चारचाकी प्रवासी गाड्यांसाठी आहे. जोंगावाले सुटले. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. शिवाय पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. म्हणून माझा ट्रक आजही सार्वजनिक रस्त्यावर येत नाही. कळमेश्वरजवळ साळ्याची संत्र्याची बाग आहे, तिथंच शेड आहे, आणि बागेच्या कडेनं सव्वा किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. ट्रकला तेवढं राज्य पुरे.

हवालदारकाका भेटले नसते तर ट्रक त्या शेडमध्येच पुन्हा गंजला असता. ते ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या यांत्रिकी दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले, कामठीला राहणारे. वय तेव्हा अडुसष्ट. मी पहिल्यांदा त्यांना ट्रक दाखवला तर ते इंजिनाकडं न जाता सरळ खाली झोपले आणि चॅसिसवर हातोडीनं टकटक करत पुढून मागं गेले. बाहेर येऊन म्हणाले, "हाडं चांगले आहेत. मांस आपण लावू." आणि मग एकच अट घातली: एक बोल्ट उघडला की तो कुठला हे लिहिल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

लिहिण्यात मी कच्चा नाही. बॅच नंबर नि एक्सपायरी यांच्यावर तर आमचं घर चालतं. सलाइनच्या रिकाम्या खोक्यांत मी भाग भरत गेलो, प्रत्येकावर चिठ्ठी: 'पुढचं डावं चाक, आतून बाहेर, १ ते १४'. व्यवस्था इतकी उत्तम होती की तिनंच घात केला. ट्रान्सफर केसच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, आणि बोल्ट मी मोजायला म्हणून दुकानात आणले होते. खोक्यावर कंपनीचा जुना शिक्का होता, 'मुदतबाह्य माल परत'. आमच्या पोऱ्यानं आज्ञाधारकपणे ते परतीच्या मालात घातलं नि वाडीच्या डेपोत पोचवलं. तिसऱ्या दिवशी डेपोच्या कारकुनाचा फोन: "शेठ, तुमच्या रिटर्नमध्ये गोळ्या नाहीत, नटबोल्ट निघाले. क्रेडिट नोट कशाची काढू?" काकांना हे सांगितलं तर ते तंबाखू मळता मळता थांबले आणि बराच वेळ थांबलेच.

मग टाळेबंदी आली. औषधवाल्यांना पास होते, पण पास गांधीबागेचा होता, कळमेश्वरच्या ट्रकचा नव्हता. ते वर्ष-सव्वा वर्ष मी या गाडीचा विचारसुद्धा केला नाही; जे दिवस होते त्यांत औषध दुकानात बसणाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

इंजिनासाठी जबलपूरला तीन खेपा झाल्या. नागपूरच्या माणसाचं हे भाग्य, की ज्या गावी गाडी बनली ते गाव एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पहाटे निघायचं, मनसर, देवलापार, खवासा. पेंचच्या जंगलात जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उचलून घेतलाय, तिथं काका हमखास म्हणायचे, "आमच्या वेळेस कॉन्व्हॉय थांबवून हरणांना जाऊ देत होतो." खरं असेल किंवा नसेल.

पहिल्या खेपेला एका भंगार दुकानात नवा रंग मारलेलं, चकचकीत इंजिन मिळालं. मी पाकीट काढलं होतं. काका म्हणाले, "याला रंग मारायची काय गरज पडली होती?" त्यांनी दुकानदाराकडून पत्रा घासायचा ब्रश मागितला, ब्लॉकच्या बाजूचा रंग काढला, घासलेट लावलं, पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. पाच मिनिटांत पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटली, वीतभर लांब. तडा. भेगेत शिरलेलं घासलेट असं बाहेर येतं. दुकानदार म्हणाला, "इतना तो चलता है।" आम्ही चहा पिऊन परत. दुसरी खेप वाया गेली. तिसऱ्या खेपेला एका गोडाऊनच्या मागच्या भिंतीशी, रंग नसलेलं, मातीनं माखलेलं, पण क्रँक हातानं फिरणारं इंजिन मिळालं. ४२,००० रुपये. सोबत तेलकट कागदात गुंडाळलेले चार पिस्टन. सहा हवे होते. दोन त्यानंतर सात महिन्यांनी मिळाले, दुसऱ्याच माणसाकडं.

हे इंजिन छोट्या हत्तीत घालून नागपुरात आणलं आणि घाट रोडच्या बाजूला एका लेथवाल्याकडं दिलं. त्यानं मापं घेतली. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८५.७ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ११४.३. एका सिलिंडरचं घनफळ काढून सहानं गुणलं की ३,९५६ सीसी. तो कॅलिपरकडं बघत म्हणाला, "भाऊ, हे जपानी माप नोहे. हे साडेचार इंच आहे." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं. १९३६ साली निसाननं अमेरिकेतल्या ग्रॅहॅम-पेज कंपनीकडून सहा सिलिंडरच्या इंजिनाचं डिझाइन आणि यंत्रसामग्री विकत घेतली होती. पुढं झडपा वर गेल्या, बोअर वाढला, नाव बदललं. स्ट्रोक तोच राहिला. म्हणजे मी ज्याला मूळ इंजिन म्हणून जबलपूरच्या वाऱ्या करत होतो ते डेट्रॉइटहून निघून योकोहामामार्गे जबलपूरला आलेलं होतं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "लग्नाआधी मुलीचं घराणं पाहतात, तुम्ही वरातीनंतर पाहून राहिले."

बोअर घासून अंडाकृती झाले होते, तेव्हा ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवून पुन्हा कापले. हेडचं काम मात्र समजून करून घ्यावं लागलं. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलेलं. त्या काळी पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट झडपेच्या बैठकीवर पातळ थर धरायचं, त्यानं लोखंड झिजत नसे. १ फेब्रुवारी २०००पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या मऊ बैठका आताच्या पेट्रोलवर चालवल्या की झडप हळूहळू आत रुतत जाते. म्हणून बैठका कापून कडक पोलादाच्या रिंगा ठोकून घेतल्या. यात मूळपण गेलं, हे मान्य. पण दिसत नाही ना.

सगळ्यात जास्त छळलं एका स्टडनं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड, म्हणजे धुराचा नळ इंजिनाला धरून ठेवणारे आट्यांचे दांडे, पन्नास वर्षं तापून-निवून ब्लॉकशी एकजीव झालेले असतात. पाच निघाले. सहावा मी काका जेवायला गेले असताना 'उलीसक' जोर लावून काढायला गेलो, आणि तो मुळाशी मोडला. मोडल्याचा आवाज येत नाही. पाना एकदम हलका होतो, बस. तो हलकेपणा मला अजून झोपेत आठवतो. काका आले, बघितलं, काही बोलले नाहीत. ते त्यांचं सगळ्यात वाईट बोलणं. मग मोडक्या तुकड्यावर एक नट ठेवून आतून वेल्डिंगनं भरला, लाल असतानाच मेण सोडलं, थंड होऊ दिला, पुन्हा तापवला. दोन वेळा नट निघून आला. तिसऱ्यांदा तुकडा केसभर फिरला. मग पुढं-मागं, पुढं-मागं, पाणी घातल्यासारखं तेल घालत दीड तास. निघाला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि साळा टॉर्च धरून उभ्या-उभ्या पेंगत होता.

पत्र्याच्या बाबतीत मूर्खपणा पूर्णपणे माझा. २०२२च्या जुलैमध्ये हिंगण्याला एका ठिकाणी दरवाजे, बॉनेट आणि मडगार्ड वाळूच्या माऱ्यानं साफ करायला दिले. एक दरवाजा मी मागं ठेवला होता, तो खरवडलेला. बाकीचं काम झकास झालं, पत्रा चांदीसारखा. संध्याकाळी घेऊन निघालो, वाटेत पाऊस, म्हटलं उद्या सकाळी प्रायमर मारू. उघडा पत्रा पावसाळ्यात एक रात्रसुद्धा दम धरत नाही. सकाळी सगळ्यावर आमच्या शहराला शोभेलसा संत्र्याच्या रंगाचा गंज. सगळं पुन्हा हातानं घासलं, फॉस्फोरिक ॲसिड लावलं. भैताड हा शब्द मी त्या आठवड्यात स्वतःसाठी राखून ठेवला होता. उन्हाळ्यात करावं तर शेचाळीस डिग्रीला शेडमधला पाना हातात धरवत नाही आणि रंग पत्र्यावर पोचायच्या आधीच सुकून भुकटी होतो. नागपुरात गाडी रंगवायला देवानं ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढेच महिने दिलेत.

ब्रेकचे सिलिंडर, रबरं, पाइप सगळे नवे. वायरिंग एका पोरानं तीन रविवारांत केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. टायरची मी फार चिंता केली होती, ९.००–१६ माप आता कोण बनवतं म्हणून. निघाला तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर, कळमेश्वरात दुकानाबाहेर रचून ठेवलेला.

हौद्याच्या फळ्या लकडगंजातून आणल्या. या कामात मजा आली, कारण लकडगंजात कोणालाच हे जुन्या लष्करी ट्रकसाठी आहे याचं कौतुक नव्हतं. म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं विचारलं, "माल काय भरणार?" काही नाही म्हटलं. "मग साग कायले पाहिजे?" प्रश्न बरोबर होता. तरी सागच घेतला. फाळक्याच्या कड्या आणि बिजागऱ्या जुन्याच बसवल्या. छताचं कॅनव्हास एका ताडपत्रीवाल्यानं शिवलं. त्यानं आधी चारही बाजूंनी सुतळी लावून मापं घेतली आणि कागदावर एक आकडा लिहिला नाही. एका इंचाचाही फरक पडला नाही.

२०२३च्या पोळ्याला इंजिन सुरू करायचं ठरवलं. बागेतल्या गड्यांनी बैलांबरोबर ट्रकच्या बंपरलाही झूल बांधली होती. काकांनी स्टार्टर दाबला. इंजिन फिरलं, शिंकलं आणि कार्ब्युरेटरमधून फुटभर जाळ बाहेर आला. झूल वाचली. काकांच्या भुवया थोड्या वाचल्या. पुन्हा तेच. एवढी वर्षं गाड्या केलेल्या माणसाला घाम फुटला.

चूक माझीच निघाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, बसवताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून ठेवायचा असतो. मी ठेवला होता. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन चार स्ट्रोकांच्या प्रत्येक चक्रात दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा धूर बाहेर ढकलताना. मी दुसरी वेळ पकडली. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४, आणि एक नि सहा नंबरचे पिस्टन जोडीनं वर येतात. त्यामुळं जी ठिणगी एकला मिळायची ती सहाला मिळत होती. काकांनी पहिल्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला, मला हँडल मारायला लावलं, अंगठ्याला दाब लागला तिथं थांबवलं, डिस्ट्रिब्युटर उपसून अर्धा फिरवून बसवला. मग दुसऱ्या दाबाला सुरू. तो आवाज. मी बाजूला जाऊन संत्र्याच्या झाडांत उभा राहिलो थोडा वेळ. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं लाकडी नंदी घेऊन आली ती ट्रकचासुद्धा बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागून गेली. (पुढं महिनाभरात फ्युएल पंपाचा पडदा फुगून फाटला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. साठ्यातला जुना माल बसवू नका, आताचा घ्या.)

आता रंग. मी चार लिटर ऑलिव्ह ग्रीन बनवून आणला होता. वाडीचा रंगारी आला, डबा उघडला नि झाकण परत लावलं. "हा नाही मारणार. मागं एकाची जीप मारली, ती परत काढायला लागली." मला वाटलं टाळतोय. काकांकडं बघितलं तर ते म्हणाले, "ओजी, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, सिव्हिलियनला नाही मारता येत. मी समजत होतो तुम्हाले माहीत आहे." चार वर्षं! माणूस चार वर्षं रोज माझ्याबरोबर त्या हिरव्याबद्दल बोलला होता.

घरी येऊन वाचलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१: संरक्षण खात्याची सोडून कोणतीही मोटारगाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवायची नाही. कारणही उघड आहे. छावणीच्या फाटकातून हिरवी गाडी बिनबोभाट आत जाते. कोणीही तशी रंगवू लागला तर पहाऱ्यावरच्या माणसानं काय करायचं? नियमात मला खोट काढता येईना, आणि राग तर येत होता. एका मित्रानं सुचवलं, थोडा बॉटल ग्रीनकडं झुकव. काका म्हणाले, "फाटकावरचा शिपाई शेडकार्ड घेऊन उभा नसते." शेवटी त्या चार लिटरनं बागेचं फाटक आणि विहिरीवरच्या मोटारीची खोली रंगवली.

मग कोणता? वाळवंटी खाकी म्हणावं तर तीही नक्कलच. तीन आठवडे ट्रक राखाडी प्रायमरमध्ये उभा होता. मी तो मागं ठेवलेला दरवाजा घेऊन बसलो आणि एखाद्या झाडाची वलयं मोजावीत तसे थर मोजले. बंपरवर बाणापुढं ७४ होतं, ठेकेदाराच्या कागदावर १९८८. म्हणजे हिरव्यात चौदा वर्षं. पिवळा तर अगदी शेवटचा, हलका, एका हाताचा. मधला निळा दोन-तीनदा मारलेला, जाड. मालकाला फोन केला. तो म्हणाला, निळाच होता नेहमी, आजोबांचे सगळे ट्रक तसेच होते, पिवळा मीच मारला विकायच्या आशेनं. वीस-बावीस वर्षं हा ट्रक निळा होता, नि तो खरवडून फेकायला मी निघालो होतो.

दुकानातल्या मशीनवर तो निळा जुळेना. रंगाऱ्यानं दरवाजा उन्हात उभा केला, निळ्यात पांढरा, चिमूटभर काळा, मग थेंबभर पिवळा घातला, आणि बोटानं पत्र्यावर ओढून बघत राहिला. चौथ्या बोटाला जुळला. ट्रक निळा झाला. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, जिथं हात घातल्याशिवाय दिसत नाही, तिथला तळहाताएवढा हिरवा मी तसाच ठेवलाय.

फोटो पाठवले तसे मालकानं कळवलं की तेव्हाचा ड्रायव्हर अजून आहे, त्याला बघायचंय. मागच्या जानेवारीत तो आला, एसटीनं, पंचाहत्तरीचा, मफलर गुंडाळलेला. इंजिनाकडं त्यानं बघितलं नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, फाळक्याची कडी वर-खाली करून पाहिली, चढून बसला. चावी फिरवली. गुरगुर ऐकून जरा चमकला, पण बोलला नाही. बागेच्या रस्त्यानं शेवटपर्यंत नेला, वळवायला मी दोन वेळा मागं-पुढं करतो तिथं त्यानं एका दमात वळवला नि शेडपाशी आणून उभा केला.

मग त्याचा डावा हात आपोआप स्टिअरिंगच्या खाली गेला. डिझेल बंद करायला तिथं ओढायचा खटका असतो. मी तो काढून, भोक भरून, घासून, वरून रंग मारला होता. त्याची बोटं त्या जागेवर फिरली.

"इथं खटका होता जी. बुजोवला का?"

पेट्रोल आहे आता, म्हटलं, चावीनंच बंद होते. त्यानं चावी फिरवली. शांत झालं. थोडा वेळ तसाच बसून राहिला, मग विचारलं, "लिटरला कितीक देते?"

"तीन."

तो खाली उतरला, मफलर सारखा केला. "तरीच मालकानं काढला होता," म्हणाला, आणि पाणी मागितलं.